पफ पॅनलच्या आत सिग्नल कुठे जातो? शीतगृहातल्या वायरलेस सेन्सरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यातल्या शीतगृहांमध्ये तापमान-आर्द्रतेचे वायरलेस सेन्सर बसवायचं काम मी करतो. जानेवारीत द्राक्षाची तोडणी जोरात सुरू झाली की एप्रिलपर्यंत फोन वाजत राहतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. मालक विचारतात, वायरमन विचारतात, हल्ली प्रोजेक्टसाठी इंजिनिअरिंगची पोरंही विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. दोन शब्द आधीच सांगतो: पफ पॅनल म्हणजे मधे फोम आणि दोन्ही बाजूंना पत्रा असलेली शीतगृहाची भिंत, आणि गेटवे म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप ऐकून पुढे पाठवणारी डबी. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे आकडे २.४ गिगाहर्ट्झचे समजा.

खोक्यावर 'रेंज १०० मीटर' छापलंय. माझा गेटवे आठ मीटरवर आहे, तरी रीडिंग का येत नाही?

खोकं खोटं बोलत नाही, पण ते मोकळ्या मैदानाबद्दल बोलतंय. हिशेब करून बघू. साधा सेन्सर १ मिलिवॅट ताकदीने पाठवतो. रिसीव्हरला जेमतेम ऐकू येणारी पातळी त्याच्या ९५ डेसिबल खाली असते (डेसिबल म्हणजे काय, ते पुढच्याच प्रश्नात). म्हणजे वाटखर्चाला तुमच्या खिशात ९५ आहेत. पहिल्या मीटरलाच त्यातले ४० जातात. पुढे मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ आणि दसपट झालं की २०. शंभर मीटरला एकूण ८० खर्च होतात, १५ उरतात. मैदानात चाललं.

आता तुमची खोली घ्या. आठ मीटरला ४० अधिक १८, म्हणजे ५८ गेले. उरले ३७. त्यात पॅनलची भिंत, बंद दार आणि मधे चार पॅलेट माल. शिवाय १५-२० डेसिबल कायम राखून ठेवावे लागतात, कारण सिग्नल एका जागी स्थिर बसत नाही. म्हणजे खरे हातात उरले सतरा ते बावीस, आणि तेवढे दार लावताच संपतात.

डेसिबल, डीबीएम हे काय असतं? वायरमनला कळेल असं सांगा.

वायरमनला लवकर कळतं, अडचण आपल्यालाच होते. ३ डेसिबल गेले की ताकद निम्मी. १० गेले की दहावा हिस्सा, २० गेले की शंभरावा, ३० गेले की हजारावा. भागाकार करत बसण्याऐवजी वजाबाकी करता यावी, एवढ्यासाठी हे माप.

शेवटी 'एम' लागला की तुलना १ मिलिवॅटशी. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. उणे ९० डीबीएम म्हणजे एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग, आणि तेवढ्यावरही हे स्वस्तातले रेडिओ बोलणं ऐकतात, याचं मला अजून नवल वाटतं. उणे ६० चांगलं की उणे ९०, यात गोंधळ होतो. कर्जासारखं समजा: साठचं कर्ज नव्वदच्या कर्जापेक्षा बरं.

कुठली भिंत किती सिग्नल खाते?

ढोबळ आकडे देतो. प्लायवूडचं किंवा जिप्समचं पार्टिशन, साधी काच, लाकडी दार: २ ते ४ डेसिबल. साडेचार इंची विटेची भिंत ४ ते ६, नऊ इंची त्याच्या दीडपट-दुप्पट. आरसीसीची भिंत १५ ते २५, सळया किती दाट आहेत त्यावर. ऊन अडवायला धातूचा पातळ थर दिलेली ऑफिसची काच दिसायला काच असली तरी २०-३० सहज खाते. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त खाते.

मजल्यांचा हिशेब वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं इमारतींच्या आतल्या प्रसारणाचं एक सूत्र आहे. त्यात ऑफिस इमारतीत २ गिगाहर्ट्झच्या आसपास पहिल्या स्लॅबचे १५ डेसिबल धरतात आणि पुढच्या प्रत्येक स्लॅबचे फक्त ४. दोन स्लॅबचे ३० का नाहीत? कारण सिग्नल हट्टाने स्लॅबमधून जात नाही. तो जिन्याने जातो, डक्टने जातो, खिडकीतून बाहेर पडून समोरच्या इमारतीवर आपटून वरच्या मजल्यात शिरतो.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा विनातार वाजवून दाखवली होती. त्या भिंती पफ पॅनलच्या नव्हत्या.

मग पॅनलमधून सिग्नल अजिबात जात नाही का? पॅनल तर फोमचं असतं.

फोम बिचारा निरुपद्रवी आहे, रेडिओला तो हवेसारखाच. मारतो तो दोन्ही बाजूंचा पत्रा. पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि रेडिओ लहर धातूत काही मायक्रॉनच्या पुढे शिरत नाही. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा फॉइलसुद्धा तिला भिंतीसारखाच. म्हणून 'पातळ पत्र्याचं पॅनल घेतलं तर सिग्नल येईल का' याचं उत्तर नाही.

तरी पॅनलच्या खोलीतून थोडं काहीतरी बाहेर येतंच. ते येतं फटींतून: दाराचं रबरी गॅस्केट, कॉपर पाइपचं भोक, ड्रेनची नळी, लाइटच्या केबलचं भोक, सांध्यातला सिलिकॉन. फटीची लांबी लहरीच्या निम्म्याएवढी, म्हणजे २.४ ला सहा सेंटिमीटरच्या घरात असली की ती चांगली गळते. दाराचं जुनं, फाटलेलं गॅस्केट म्हणजे गारव्याची आणि सिग्नलची एकदमच गळती. एका ठिकाणी गॅस्केट नवीन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सेन्सर बंद पडले. मालक म्हणाले, 'सेन्सर खराब निघाले.' सेन्सर जागच्या जागी ठीक होते, तोपर्यंत ते फाटक्या गॅस्केटच्या मेहेरबानीवर चालले होते.

गळतीवर नेटवर्क उभं करू नका. पॅनलला एक होल मारा, केबल ग्लँड बसवा, बाहेरच्या गेटवेची अँटेना केबलने आत घ्या आणि भोक फोम-सिलिकॉननं नीट बंद करा. इन्सुलेशन बिघडेल म्हणून मालक होल मारू देत नाहीत, पण लाइटसाठी आधीच मारलेली भोकं असतात. त्यातलं एक मागून घ्या.

खोली रिकामी असताना सगळं मस्त चालत होतं. माल भरला आणि निम्मे सेन्सर गायब. असं का?

या कामातला सगळ्यात महागडा धडा हाच, आणि मी तो स्वतःच्या पैशाने शिकलोय.

पिंपळगावजवळच्या एका शीतगृहात डिसेंबरात आठ सेन्सर लावले होते. खोली रिकामी. सगळे उणे ५५ ते उणे ६५. मालकांना मोबाइलवर आलेख दाखवला, चहा झाला, बिल दिलं. फेब्रुवारीत रात्री साडेअकराला फोन: 'भाऊ, तुमचे पाच सेन्सर मेलेत.' सकाळी जाऊन बघतो तर सेन्सर छातीच्या उंचीवर, आणि त्यांच्यासमोर छतापासून हातभर खालीपर्यंत पेट्यांची थप्पी.

रिकामी पत्र्याची खोली रेडिओसाठी आरशांची खोली असते. लहर भिंतीवर आपटते, परतते, पुन्हा आपटते, फार काही वाया जात नाही, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात सिग्नल पोचतो. द्राक्षं आत आली की चित्र पालटतं. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी. एका पॅलेटवर पाऊण ते एक टन माल धरला तर ते सहाशे ते आठशे लिटर पाणी झालं. तुम्ही खोलीत पाण्याच्या टाक्यांच्या रांगा लावल्यात आणि रेडिओला म्हणताय, जा पलीकडे.

'२.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याची खास फ्रिक्वेन्सी आहे' असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. साध्या तापमानाला पाणी सगळ्यात जास्त शोषतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४ ला ते बरंच कमी शोषतं, पण मीटरभर जाडीचं पाणी पार करायचं असेल तर 'बरंच कमी' पुरेसं नाही. उलट गोठलेलं पाणी फारच कमी शोषतं. त्यामुळे फ्रोझन मटारच्या खोलीत माल भरल्यावर एवढा फरक पडत नाही, ताज्या द्राक्षांच्या खोलीत पडतो.

उपाय साधा निघाला. गार हवा फिरायला थप्पीच्या वर मोकळी जागा सोडलेली असतेच, तोच आपला रस्ता. सेन्सरची डबी छताजवळ, अँटेनाही छताजवळ, दोघांना एकमेकांचं तोंड दिसेल अशी. पण छताजवळचं तापमान म्हणजे पेटीतल्या द्राक्षाचं तापमान नव्हे. म्हणून तापमान मोजणारा प्रोब वायरने खाली सोडायचा, थेट पेटीत. रेडिओ वर, प्रोब खाली. त्या पाचही सेन्सरांचं हेच केलं. एक वगळता सगळे संध्याकाळपर्यंत परतले. तो एक इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे खोलीत गार हवा फेकणाऱ्या युनिटच्या, मागे होता, त्याची जागाच बदलावी लागली.

एक बारकावा. दोन अँटेनांमधली 'दिसणारी' रेषा मोकळी असून भागत नाही, रेषेभोवती लांबट काकडीच्या आकाराची जागा मोकळी लागते. २० मीटर अंतराला मध्यावर तिची त्रिज्या पाऊण मीटरपेक्षा थोडी जास्त असते. त्यातली साठ टक्के मोकळी मिळाली तरी काम भागतं, म्हणजे मध्यावर अर्धा मीटर. थप्पी छतापासून वीतभर अंतरावर नेली तर वरचा रस्ताही बंद.

सेन्सर चार बोटं सरकवला की सिग्नल एकदम सुधारतो किंवा मरतो. हा काय चमत्कार?

२.४ गिगाहर्ट्झची लहर सव्वाबारा सेंटिमीटर लांब. तुमच्यापर्यंत एकच लहर येत नाही. एक सरळ येते, एक छतावर आपटून, एक पत्र्यावर आपटून, शंभर वाटांनी. दोन लहरींचे चढ एकाच वेळी आले तर जोर वाढतो, एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र आला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. चढ-उताराचं गणित अर्ध्या लहरीत बदलतं. अर्धी लहर म्हणजे सहा सेंटिमीटर, तुमची चार बोटं. तेवढ्यात २० डेसिबलचा फरक पडलेला मी पाहिलाय, म्हणजे ताकदीत शंभरपट.

म्हणून सेन्सर बसवताना स्क्रू आधी मारू नका. डबल टेपने चिकटवा, रीडिंग बघा, चार बोटं डावीकडे, चार बोटं खाली, मग पक्का करा. मात्र आज शोधलेली 'चांगली जागा' उद्या पॅलेट हलल्यावर वाईट होऊ शकते. यावरचा पक्का उपाय चॅनेल बदलत राहण्याचा आहे, कारण एका फ्रिक्वेन्सीला जिथे खड्डा असतो तिथे दुसरीला नसतो. कारखान्यांसाठीचं वायरलेसहार्ट हे सेन्सर-नेटवर्क २००७ मध्ये याच कारणाने चॅनेल बदलत बोलायला लागलं, आणि २०१२ मध्ये अशा कमी ताकदीच्या रेडिओंच्या ८०२.१५.४ या मानकातही तशी सोय आली. शेजारच्या चॅनेलवर जाऊन मात्र फायदा होईलच असं नाही, तिथे बहुधा तोच खड्डा असतो. लांब उडी मारा.

कोणी हात लावला नाही, माल हलला नाही, तरी आकडा वर-खाली होत राहतो.

पंखे. इव्हॅपोरेटरची पाती धातूची आणि फिरती, प्रत्येक फेऱ्यात ती लहरींच्या वाटा ढवळून काढतात. एकदा आलेख बारकाईने बघा: डीफ्रॉस्ट (साचलेला बर्फ वितळवणं) सुरू होऊन पंखे थांबले की सिग्नलची करवतीसारखी रेघ सरळ होते, पंखे सुरू झाले की पुन्हा करवत. मी तर बाहेर बसून, सिग्नलच्या रेघेवरून डीफ्रॉस्ट वेळेवर होतंय का ते सांगतो.

बाकी हमाल, फोर्कलिफ्ट, उघडं-बंद दार. माणूस म्हणजे दोन-तृतीयांश पाणीच. सेन्सरसमोर कोणी उभं राहून डबे मोजत बसलं की १० डेसिबल सहज जातात. मघाशी राखून ठेवायला सांगितलेले १५-२० हे असे खर्च होतात.

आरएसएसआय किती असेल तर निर्धास्त राहायचं?

आरएसएसआय म्हणजे रिसीव्हरपर्यंत पोचलेल्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये. मी उणे ७५ च्या वरच्याला हिरवं म्हणतो, ७५ ते ८५ ला पिवळं, त्याखालच्याला लाल. याला आधार आहे. स्टॅनफर्डच्या श्रीनिवासन आणि लेव्हिस यांनी २००६ मध्ये सीसी२४२० या चिपवर दाखवलं, की आरएसएसआय उणे ८७ च्या वर असेल तर किमान ८५ टक्के पॅकेटं, म्हणजे सेन्सरचे एकेक निरोप, पोचतात. त्याच्या खाली दोन-चार डेसिबलचा पट्टा येतो. तिथे कधी नव्वद टक्के पोचतात, कधी दहा. आपले पंखे आणि हमाल सिग्नलला त्याच पट्ट्यात ढकलतात, म्हणून दहा-बारा डेसिबल वर राहायचं.

आता यातली फसवणूक सांगतो. आरएसएसआय फक्त आलेल्या पॅकेटचा दिसतो. जे आलंच नाही त्याचा आकडा कोण दाखवणार? दिवसभराची सरासरी उणे ८२ दिसते आणि मालक खूश असतात, प्रत्यक्षात निम्मी पॅकेटं हरवलेली असतात आणि सरासरी उरलेल्या नशीबवानांची असते. म्हणून प्रत्येक पॅकेटला क्रमांक द्या आणि क्रमांकातली गळती मोजा. कुठला आकडा बघू असं विचाराल तर आधी हा, मग आरएसएसआय.

२.४ गिगाहर्ट्झ घेऊ की ८६५ मेगाहर्ट्झ लोरा?

लोरा म्हणजे लांब पल्ल्याचा पण संथ बोलणारा रेडिओ. मोठ्या शीतगृहाला मी लोराकडे झुकतो, पण लोक सांगतात त्या कारणाने नाही. 'कमी फ्रिक्वेन्सी पत्र्यातून जाते' असं म्हणतात. पत्र्यातून कोणीच जात नाही. उलट ८६५ ची लहर ३५ सेंटिमीटरची, तिला फटीतून गळायला मोठी फट लागते, म्हणजे या एका बाबतीत ती २.४ पेक्षा वाईट. फायदे वेगळे आहेत. पहिल्या मीटरला ४० ऐवजी ३१ डेसिबलच जातात, पाणी तिला कमी शोषतं, पॅलेटच्या कोपऱ्यावरून ती बऱ्यापैकी वळते. आणि लोराचा रिसीव्हर फारच तिखट कानाचा असतो: सगळ्यात वेगवान सेटिंगला, म्हणजे एसएफ ७ ला, सुमारे उणे १२३, सगळ्यात संथ एसएफ १२ ला उणे १३६ च्या आसपास. उणे ९५ शी तुलना करा. वाटखर्चाला खिशात आणखी तीस-चाळीस आले.

किंमत वेळेत मोजावी लागते. तोच छोटा संदेश एसएफ ७ ला पन्नास-साठ मिलिसेकंदांत जातो, एसएफ १२ ला सेकंदाहून जास्त घेतो. तेवढा वेळ रेडिओ बॅटरी पीत राहतो आणि हवा अडवून ठेवतो. तापमान दर दहा मिनिटांनी पाठवायला हे चालतं, दर दोन सेकंदांनी पाठवायचं असेल तर विसरा.

आणि एक, हे ठळक लिहितो: ऑनलाइन स्वस्त मिळतात म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचे बोर्ड घेऊ नका. तो अमेरिकेचा पट्टा. आपल्याकडे ९०० च्या आसपास मोबाइल चालतात. भारतात २००५ पासून ८६५ ते ८६७ हा पट्टा विनापरवाना खुला झाला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. बोर्ड ८६५-८६८ चा आणि अँटेनाही त्याच पट्ट्याची हवी. बोर्ड बरोबर आणि अँटेना ४३३ ची, असं पार्सल मला दोनदा आलंय. दोन्ही अँटेना दिसायला सारख्याच काळ्या काड्या असतात.

वायफायचा त्रास होतो का?

पॅकहाऊसच्या ऑफिसात होतो, पॅनलच्या आत फारसा नाही. पत्रा शेजाऱ्यांचा वायफायही अडवतो. २.४ मध्ये झिग्बीचे, म्हणजे सेन्सरांच्या एका प्रचलित रेडिओ-पद्धतीचे, १६ चॅनेल आहेत, ११ ते २६. वायफाय बहुधा १, ६, ११ वर असतो, त्यांच्या फटींत झिग्बीचे १५, २०, २५ आणि २६ बसतात. त्यातला २६ काही उपकरणांत कमी ताकदीने चालतो, म्हणून मी २५ लावतो.

कँटीनमधला मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो, पण सतत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा तो साधारण १० मिलिसेकंद ओरडतो आणि १० मिलिसेकंद गप्प बसतो. छोटं पॅकेट त्या शांततेत निघून जातं. पुन्हा पाठवायची सोय चालू ठेवलीत तर चहा गरम होईपर्यंत कळणारही नाही.

मेश नेटवर्क घेतलं तर सगळे प्रश्न सुटतील ना? विक्रेता तसं म्हणाला.

काही सुटतात. मेशमध्ये सेन्सर एकमेकांचे निरोप पुढे नेतात. मधल्या दोन नोडांनी (सेन्सर-रेडिओंनी) निरोप पुढे नेला तर लांबच्या कोपऱ्यातला सेन्सर बोलू शकतो. पण मेश म्हणजे कानगोष्टी. प्रत्येक टप्प्याला ९० टक्के निरोप पोचत असेल तर तीन टप्प्यांनंतर ७३ टक्केच उरतात. प्रत्येक टप्प्यावर तीनदा प्रयत्न करू दिला तर आकडा ९९ च्या वर जातो. म्हणजे जादू मेशची कमी आणि पुन्हापुन्हा पाठवण्याची जास्त.

मधल्या नोडची बॅटरी मात्र विचारू नका. लोकांना वाटतं, पाठवायला वीज लागते, ऐकायला फुकट. सीसी२४२० पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८. ऐकणं महाग. सतत कान टवकारून बसलेला रिपीटर दोन पेन्सिल सेलवर आठवडाही टिकणार नाही. रिपीटरला लाइटच्या बोर्डातून वीज द्या.

बॅटरी कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या निम्म्यातच संपते. सिग्नलशी संबंध आहे का?

आहे, दोन्ही बाजूंनी. सिग्नल कमजोर असेल तर सेन्सर एकच रीडिंग चार-चारदा पाठवतो. शून्य-एक अंशाला साधे अल्कलाइन सेल मलूल होतात, पाठवण्याच्या झटक्याला व्होल्टेज कोसळतं आणि चिप रिसेट होते. मग आपण म्हणतो, सिग्नल गेला. गारठ्यात लिथियमचे पेन्सिल सेल घाला, महाग आहेत पण शिडी लावायची फेरी वाचते.

व्होल्टेज पडल्यावर काय होतं याचं जुनं, गमतीदार उदाहरण आहे. इंटेलच्या बर्कलीतल्या प्रयोगशाळेत २००४ च्या फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ५४ सेन्सर बसवले होते, दर ३१ सेकंदांनी तापमान, आर्द्रता, प्रकाश आणि व्होल्टेज पाठवणारे. कुठल्या सेन्सरचा निरोप कुठल्यापर्यंत किती पोचतो याची नोंदही त्यांनी खुली केली. विद्यार्थ्यांनी ती जरूर उतरवून घ्यावी, इमारतीच्या आतल्या सिग्नलचा अभ्यास घरबसल्या होतो. त्या माहितीत बॅटरी उतरायला लागलेले सेन्सर ऑफिसचं तापमान १०० अंशांच्या वर सांगतात. सिग्नल व्यवस्थित, पॅकेट व्यवस्थित, आतला आकडा साफ चुकीचा. तेव्हापासून मी प्रत्येक रीडिंगबरोबर व्होल्टेज पाठवतोच.

अँटेना कशी लावायची?

पत्र्याला चिकटवू नका, हा पहिला आणि शेवटचा नियम. पत्र्याला टेकलेली अँटेना सूर हरवते. २.४ ला निदान तीन सेंटिमीटर, ८६५ ला आठ-नऊ सेंटिमीटर पुढे काढा; थर्माकोलचा तुकडा मधे घातला तरी चालतो. गेटवेची अँटेना उभी असेल तर सेन्सरचीही उभी ठेवा. बोर्डावरच छापलेली अँटेना असेल तर तिच्या टोकाजवळ बॅटरी किंवा स्क्रू येऊ देऊ नका. धातूची डबी तर नकोच, मजबूत दिसते म्हणून लोक घेतात आणि सेन्सर स्वतःच कोंडून घालतात.

केबलवर पैसे वाचवू नका. बारीक आरजी१७४ केबल २.४ ला मीटरमागे जवळपास २ डेसिबल खाते. पाच मीटर ओढलीत तर दहा गेले, दोन विटेच्या भिंतींएवढे. जाड, कमी नुकसानीची केबल मीटरला पाव डेसिबलच्या आत भागवते. अँटेनेवर बर्फ साचला तर फार घाबरू नका, दार उघडल्यावर दव धरलं तर जास्त बिघडतं. जोडणीवर पाणीरोधक टेप गुंडाळा.

या लहरींनी द्राक्षं खराब होतात का? हमाल लोक विचारतात.

नाही. सेन्सर १ मिलिवॅट पाठवतो, तोही काही मिलिसेकंद. त्यांच्या खिशातला मोबाइल त्याच्या शंभरपटीहून जास्त पाठवू शकतो.

सोसायटीच्या टाकीला लेव्हल सेन्सर लावायचाय, गेटवे वॉचमनच्या केबिनमध्ये. यातलं काय लागू पडतं?

बरंच. आरसीसी टाकीच्या आत रेडिओ ठेवू नका, प्रोब आत आणि रेडिओ झाकणाच्या बाहेर. सात स्लॅब भेदण्याचा नाद सोडा. अँटेना गच्चीच्या कठड्यावर आणा, सिग्नल इमारतीच्या बाहेरून खाली उतरू दे. इथे लोराच घ्या.

बसवण्याआधी खोली तपासायची कशी?

दोन बोर्ड आणि एक पॉवर बँक पुरते. एक बोर्ड गेटवेच्या जागी, दुसरा दर सेकंदाला क्रमांक टाकलेलं पॅकेट पाठवणारा. प्रत्येक संभाव्य जागी पाच मिनिटं ठेवा, दार बंद, पंखे चालू, तुम्ही स्वतः बाहेर. लोक बोर्ड हातात धरून फिरतात आणि स्वतःच्या शरीराने सिग्नल अडवत मोजतात. हजार पॅकेटांतली किती आली ते मोजायला आवडत असेल तर पाच मिनिटांऐवजी सतरा मिनिटं द्या.

खोली भरलेली नसेल तर? पाण्याने भरलेले वीस लिटरचे जार रचून दोन अँटेनांच्या मधे भिंत उभारा. हसू नका, पाण्याचे जार हे द्राक्षांच्या पेट्यांचं उत्तम सोंग आहे आणि कुठेही भाड्याने मिळतं. जारांच्या भिंतीने सिग्नल किती पडला ते लिहून ठेवा आणि भर हंगामात एकदा पुन्हा मोजा. माझ्या बिलात आता 'फेब्रुवारीची फेरी' हा वेगळा रकाना असतो.

एवढं करूनही एखादा कोपरा बोलतच नसेल तर?

तर वायर टाका. डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या चिपचा प्रोब तीन तारांवर दहा-पंधरा मीटर निमूट चालतो, त्याहून लांब असेल तर आरएस-४८५ ही लांब तारेवर आकडे पाठवायची पद्धत. दिंडोरीकडच्या एका जुन्या शीतगृहात मागची खोली अशी आहे, की तिच्यात जायला दोन पॅनलची दारं ओलांडावी लागतात आणि मधे अमोनियाचे जाडजूड पाइप. दोन हंगाम मी तिथे अँटेना बदलत राहिलो. तिसऱ्या वर्षी मालकांचा मुलगा वायरची कॉइल घेऊन आला आणि म्हणाला, 'काका, द्या इकडे, मी वरनं ओढून देतो.' दीड तासात झालं.